बटणावरचा टिलर

कळंब,
१८ नोव्हेंबर १९९६

दादा, जयभीम.

आठवण आली म्हणून लिहितीय असं समजू नको. आठवण काय, रोजच येते. आज लिहायला सवड मिळाली म्हणून लिहितीय, आन सवड का मिळाली तेच सांगायचंय. सकाळचा स्वयंपाक आवरून मी वट्यावर बसलीय. समोर पॉवर टिलर उभा हाय. डिझेल भरलंय, तेल बघितलंय, माती उकरणाऱ्या फिरकीच्या पात्यांत अडकलेलं गवत ओढून काढलंय. फक्त हँडल मारायचं राहिलंय. आन हँडल मारणारं माणूस अजून चहा पितंय.

ह्यांच्या हाताचं तुला कळवलं होतं. श्रावणात हँडल उलटलं आन उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हाड वाकडंच बसलंय. पाण्याचा तांब्या उचलताना हात थरथरतो, तिथं हँडल कुठलं मारत्यात. मी एकदा मारून बघितलं. अर्धं फिरवलं आन दमच गेला. सासूबाई धावत आल्या आन हँडल हिसकून घेतलं. "एक हात मोडलाय घरात, दुसरा मोडून घेतीस व्हय?" म्हणाल्या. तेव्हापासून मला हात लावू देत न्हाईत.

मग राहिले थोरले दीर. ज्ञानदेव भाऊजींचं घर बांधाच्या पलीकडं, हाक ऐकू जाती एवढंच लांब. लई साधं माणूस, असं गाव म्हणतं. म्हणू दे. न्हाय असं ते कधीच म्हणत न्हाईत, हे खरंय. पण आधी चहा, मग पेपर, मग तंबाखू, मग बैलांना वैरण, आन मग बांधावर उभं राहून विचारणार, "काय रं समाधान, आज काय नडलंय?" रोज तेच नडलंय की! तरी रोज नव्यानं विचारायचं, आन ह्यांनी रोज नव्यानं सांगायचं. मग एका दणक्यात इंजिन चालू करून देतात आन वर म्हणतात, "बंद पाडू नगा, मी काय दिवसभर हितंच न्हाय."

पुढं टिलर मीच चालवते. पण भ्या वाटतं रे. बंद पडला तर परत हाक मारायला लागंल. पाणी प्यायला थांबले तरी मी इंजिन धडधडतच ठेवते.

एवढंच असतं तर तुला लिहिलं नसतं. परवा भाऊजी ह्यांना म्हणाले, "तुझी डाळिंबाची बाग पाडव्यापासनं मला वाट्यानं दे. मी बघतो सगळं. तू आराम कर. रश्मी येईल माझ्यात कामाला, घरचंच हाय." दादा, माझ्या बागेत मीच रोजानं! आपण पाडव्याला गुढी उभारत न्हाय, पण वाट्याचं वरीस तर पाडव्यालाच फिरतं ना. त्या दिवशी सकाळी रानात ज्याचं पहिलं तास पडलं, औताची पहिली रेघ ज्याची, वरीसभर रान त्यानं करायचं, असं हितं चालत आलंय. आन भावाकडं वाट्यानं गेलेलं रान परत आलेलं मी तरी बघितलं न्हाय. हे मान खाली घालून बसले. व्हय न्हाय की न्हाय न्हाय.

म्हणून विचारते. आपल्या कोऱ्हाळ्यात छबूबाईच्या गिरणीचं डिझेल इंजिन काढून लाइटीची मोटार बसवली, तेव्हा तू होतास ना मिस्त्रीच्या हाताखाली? आधी ती बिचारी हँडल मारायला येणाऱ्या-जाणाऱ्या गड्याला हाका मारायची. नंतर स्वतः बटण दाबायची आन दळायची. गिरणीला बसती तर टिलरला का बसणार न्हाय? हसू नको.

आले बघ भाऊजी. थांबवते.

रश्मी

*

बारामती,
२६ नोव्हेंबर १९९६

रश्मे,

हसलो. खोटं कशाला बोलू. दहावीला विज्ञानात काठावर पास झालेली माझी बहीण मला मोटारी बसवायला शिकवतेय म्हणून हसलो. मग डबा खाताना पत्र परत वाचलं आणि डबा तसाच राहिला. पाणी प्यायला थांबलीस तरी इंजिन चालू ठेवतेस, त्या ओळीवर अडकलो.

बसते. का नाही बसणार? टिलरचं इंजिन काय करतं, पट्टा फिरवतं. पट्ट्याला कोण फिरवतंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. इंजिन उतरवायचं, त्याच जागी थ्री फेजची मोटार बसवायची, पुली तेवढी बघून घ्यायची. डेअरीत दिवसभर मी दुसरं काय करतो? हे मशीन बंद, ते मशीन चालू. मोटारीचं मी बघतो. आमच्या सेक्शनला एक बदललेली पडून आहे, साहेबांना विचारून घेतो.

एकच भानगड. मोटार म्हटली की वायर आली. जिथपर्यंत वायर तिथपर्यंत टिलर. तुमच्या विहिरीवर पंपाची पेटी आहे ना? तिथून बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत किती लांब, ते कासऱ्यानं मापून कळव. आणि वायर फिरकीखाली आली तर काय होईल ते सांगायला नको. एक माणूस फक्त वायर धरायला लागेल, पायात चप्पल आणि हातात कोरडी काठी घेऊन.

दाजींना विचारलंस का? त्यांच्या मनाविरुद्ध मी पान्याला हात लावणार नाही.

तुझा दादा,
भूषण

*

कळंब,
४ डिसेंबर १९९६

दादा,

मापलं. कासऱ्यानं न्हाय, सासूबाईंच्या जुन्या लुगड्यानं, कारण कासरा मागायला भाऊजींच्या गोठ्यात जावं लागलं असतं. मापाची सुतळी ह्या पत्रासोबत वेगळ्या पुडक्यात दुधाच्या टेम्पोवाल्याकडं दिलीय. तिला गाठी मारल्यात, दोन गाठींमधलं अंतर म्हंजे एक लुगडं. हसलास ना परत?

ह्यांना विचारलं. म्हणाले, "तुला पटंल ते कर." हे व्हय हाय का न्हाय ते तूच ओळख, मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कळत न्हाय.

पेटी विहिरीवर हाय. विहीर सामाईक, भाऊजींची आन आमची. पाणी पाळीनं घेतो, त्यांचे चार दिवस झाले की आमचे तीन. त्यांचं रान जास्त म्हणून त्यांचा एक दिवस जास्त. पण ते पाण्याचं. लाइटीला कसली आलीय पाळी? बिल अर्धं अर्धं भरतो. म्हंजे पेटी अर्धी आमचीच.

डाळिंबाचा आंबे बहार धरायचाय. पानगळ झाली की रान मोकळं करून, खत घालून, पहिलं पाणी द्यायचं. त्याच्या आधी ये. भाऊजींना अजून काही सांगितलेलं न्हाय. बोललं तर ते न्हाय म्हणणार न्हाईत, पण त्यांचा चहा चालूच राहील.

रश्मी

*

कळंब,
९ जानेवारी १९९७

दादा,

तू रविवारी मोटार बसवून गेलास आन दुसऱ्या दिवशी मी टिलर चालवला. आधी तेच सांगते, कारण ते खरंच झालं आन मला ते विसरायचं न्हाय.

सकाळी तू शिकवलंस तसं विहिरीवर जाऊन पेटीचं बटण दाबलं. मग टिलरचं बटण दाबलं. आईशपथ, बोटानं चालू झाला रे! मी दोनदा बंद करून परत चालू केला, उगीचच. सासूबाई म्हणाल्या, "खेळणं हाय का ते?" पण त्यापण हसत होत्या. वायर धरायला त्याच आल्या. एका हातात बाभळीची काठी, खांद्यावर वायर. मी वळले की त्या वळायच्या. दोन ओळी झाल्यावर म्हणाल्या, "गाय चरायला नेल्यागत वाटतंय." मी पाणी प्यायला थांबले, दादा. टिलर बंद केला आन सावलीत बसून सावकाश पाणी प्याले.

तो आमच्या पाळीचा शेवटचा दिवस होता.

मंगळवारी बटण दाबलं तर काहीच न्हाय. मला वाटलं लाइट गेली. विहिरीवर गेले तर पेटीला कुलूप. भाऊजी तितंच उभे होते. म्हणाले, "रश्मी, आजपासनं पाळी माझी हाय." मी म्हणलं, पाणी तुमचंच, मी पाण्याला हात लावत न्हाय, मला फक्त लाइट पायजे. तर म्हणाले, "लाइट पाण्यासाठीच घेतलीय विहिरीवर. ज्याची पाळी त्याची पेटी. वडिलांपासनं हेच हाय." रागावले न्हाईत. आवाजसुद्धा चढवला न्हाय. रागावले असते तर मी भांडले असते.

आता ऐक. आमच्या पाळीचे तीन दिवस. त्यात पंप चालवला की टिलर चालत न्हाय, दोन्ही लावले की फ्यूज उडतो. म्हंजे पाणी द्यायचं न्हायतर रान करायचं. बहाराचं पहिलं पाणी चुकवलं तर झाडं फुलणार न्हाईत, आन रान केलं न्हाय तर पाणी गवतच पिणार. तू फॅक्टरीतला, तुझ्याकडं भिंतीत लाइट असते. पण मी हितं राहून मला कसं कळलं न्हाय? पाळी म्हंजे पाणी एवढंच माझ्या डोक्यात.

आन इंजिन? तू उतरवून आमच्या गोठ्याशेजारी ठेवलंस ना? भाऊजींनी ते बैलगाडीत घालून स्वतःच्या शेडमधी नेलं. "उघड्यावर गंजंल," म्हणाले. हे बघत उभे होते. आधी निदान हँडल मारायला हाक मारता येत होती. आता तेपण गेलं.

रश्मी

*

बारामती,
१६ जानेवारी १९९७

रश्मे,

पत्र वाचून मी तसाच मोटारसायकल काढून निघालो होतो. तुझ्या वहिनीनं चावी काढून घेतली. म्हणाली, "तुम्ही तिथं जाऊन भांडण करून याल आणि राहायचं तिला आहे." बरोबर आहे तिचं. पण रात्रभर डोकं ठणकत होतं.

चूक माझी आहे. पेटी कुठं आहे ते विचारलं, पेटी कुणाची आहे ते विचारलंच नाही. आमच्या इथं मशीन बंद पडलं की माणसं घाबरी होऊन माझ्या मागं पळतात. कुणी मुद्दाम कुलूप लावून शांतपणे उभा राहील, हे माझ्या डोक्यातच येत नाही.

एक सांगतो, रागावू नकोस. सोड ते. तुम्ही दोघं इकडं या. एमआयडीसीत दाजींना गेटवर लावता येईल, तिथं मनगटाचं काम नाही. तुलापण पॅकिंगला घेतील. खोली बघतो. सकाळी कुणाच्या चहाची वाट बघायला लागणार नाही. बाग जाऊ दे त्यांच्या घशात. तू तिथं कोंडून घेतल्यासारखी राहतेस ते मला सहन होत नाही.

आईपण हेच म्हणते. विचार कर आणि लवकर कळव.

दादा

*

कळंब,
२७ जानेवारी १९९७

दादा,

विचार करायला लागला न्हाय. येणार न्हाय.

रागावले न्हाय तुझ्यावर. तू मायेनं लिहिलंस, आईपण मायेनंच म्हणते. पण ही झाडं मी लावलीत. कलमं आणली तेव्हा पोटात पोर होतं, ते राहिलं न्हाय, कलमं राहिली. तुला हे कधी बोलले नव्हते. त्या वर्षी मी दुसरं काही केलंच न्हाय, घागरीनं पाणी घालत बसले. आता त्यांना सोडून पॅकिंगला येऊ? तितं पण कुणीतरी बटण दाबणार आन कुणीतरी बंद करणार.

पाणी मी आमच्या पाळीत देते. रान हातानं करते, खुरप्यानं. सासूबाई आन मी. फुलं लागलीत, अशी लाल, बघायला ये. पण सगळी बाग हातानं होत न्हाय. मधल्या ओळीत गवत कमरेला आलंय. बांधावरनं जाणारा माणूस थांबून बघतो आन मग भाऊजींकडं बघतो. त्यांना एवढंच पायजे. "ह्यांच्यानं व्हत न्हाय" हे गावानं स्वतःच म्हणावं.

आता जे लपवलं होतं ते लिहिते. ह्यांनी शब्द दिलाय. पाडव्यापासनं बाग वाट्यानं देतो म्हणून भाऊजींना सांगून आलेत. तू मोटार बसवायच्या आधीच. मला सासूबाईंकडनं कळलं. इतके दिवस मी ह्यांना विचारलं न्हाय आन ह्यांनी मला सांगितलं न्हाय. एका ताटात जेवतो. सासूबाई तर काही बोलतच न्हाईत, थोरल्या लेकाच्या विरुद्ध त्या कशाला जातील?

लई राग येतो, दादा. भाऊजींचा येतो तेवढाच ह्यांचा येतो. मग ह्यांना डाव्या हातानं भाकरी मोडताना बघते आन राग धरवत न्हाय. तोपण ताप हाय.

तू काही करू नको. पत्र तेवढं लिहीत जा.

रश्मी

*

बारामती,
२२ मार्च १९९७

समाधान दाजी, जयभीम.

हे पत्र तुम्हाला आहे. आजवर मी सगळं रश्मीलाच लिहिलं, तुमच्या रानातल्या यंत्राबद्दल तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. ते चुकलंच. टिलर तुमचा आहे.

दोन महिने पत्र पाठवलं नाही, कारण सांगण्यासारखं काही होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आमच्या डेअरीत दुधाचे क्रेट उचलायची बॅटरीवरची गाडी होती. ती मोडीत निघाली. तिची मोटार भंगारवाल्याकडून मी उचलली. माझा दोस्त आणि मी सुट्टीच्या दिवशी तिच्यावर बसायचो. ती आता चालते. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्यांवर चालते. विहिरीची पेटी नको, थ्री फेज नको, वायरपण नको. घरातल्या दिव्याच्या लाइटवर बॅटऱ्या भरतात आणि घरचं मीटर तुमच्याच नावावर आहे. त्याला पाळी नाही.

फार अपेक्षा ठेवू नका. एकदा भरल्या की घंटाभर चालेल, मऊ रान असलं तर थोडं जास्त. मग भरायला दिवसाचा मोठा भाग जाईल. जड आहे, वळवताना जोर लागेल. आणि आवाज अजिबात नाही. चालू आहे की बंद ते कानाला कळत नाही, म्हणून लाल दिवा लावलाय. फिरकीतलं गवत काढायच्या आधी बॅटरीची वायर सोडायची, हे दोघांनी पाठ करा.

सगळं सामान दुधाच्या टेम्पोतून पाठवतोय, माझा दोस्त सोबत येऊन बसवून देईल. मी येत नाही. मी आलो की ज्ञानदेवरावांना वाटतं रश्मीचं माहेर आलं. यावेळी यंत्र तुमच्या दारात येईल आणि काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. नको असेल तर टेम्पो परत पाठवा, मला वाईट वाटणार नाही.

एक विचारतो, लहान तोंडी मोठा घास वाटला तर सोडून द्या. तुम्ही शब्द का दिलात?

तुमचा,
भूषण

*

कळंब,
११ एप्रिल १९९७

भूषणराव, जयभीम.

डाव्या हातानं लिहितोय, संभाळून वाचा. मला पत्र लिहायची सवय न्हाय, बोलायचीच न्हाय.

तुमी विचारलं, शब्द का दिला. आधी त्याचं सांगतो. रोज सकाळी ही टिलर तयार करून वट्यावर बसायची आन मी घरात बसून तिला बघायचो. आबा, म्हंजे आमचा ज्ञानदेव, बांधावर आला की ही पदर सावरून उभी राहायची. त्याला "भाऊजी, तेवढं करता का" म्हणायची. ही कुणाला असं मऊ बोलत न्हाय, मला तर न्हाईच न्हाय. ते मला बघवंना. वाटलं, रान गेलं तर जाऊ दे, हे रोजचं तरी संपंल. म्हणून देऊन टाकला शब्द. तिला वाटलं मी हरलो. हरलोच होतो, पण तिला वाटतं तसा न्हाय. हे तिला मी सांगू शकलो न्हाय. तुमचं पत्र आलं त्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "तुमी मला विचारलं का, मला काय बघवतं ते?" दोन दिवस बोलली न्हाय.

तिसऱ्या दिवशी तुमचा टेम्पो आला. तुमचा दोस्त बसवून गेला. आमी टिलर गोठ्यात झाकून ठेवला. आबा येऊन बघून गेला, त्याला वाटलं ही तीच वायरची मोटार हाय.

पाडव्याला सकाळी मी हिला उठवलं आन म्हणलं, चल. कुठं, म्हणाली. म्हणलं, रानात. तिनं पदर खोचला. आई अंगण झाडत होती, तिनं झाडू टाकला आन मागनं आली. मी कधी असं चल म्हणलेलं न्हाय कुणाला.

यंत्राचा आवाज खरंच न्हाय हो. नुसती माती फुटल्याची खसखस. आधी इंजिन लागलं की सगळ्या वस्तीला कळायचं. ह्या बारीला आबाच्या कुत्र्यालासुद्धा कळलं न्हाय. हिनं पहिलं तास काढलं, मग दुसरं. मी पुढनं दगड उचलत होतो. तिसऱ्या ओळीच्या मध्यात यंत्र थांबलं. आदल्या दिवशी लाइट गेलती, बॅटऱ्या पुऱ्या भरल्या नव्हत्या. आन तेवढ्यात आबा बैलं घेऊन आला, औत खांद्यावर. चुलते पण दोघं सोबत होते, शब्दाला साक्षीदार म्हणून त्यानं बोलावलेलं.

आबानं ओळीकडं बघितलं. म्हणाला, "समाधान, तू शब्द दिलता." म्हणलं, दिलता. "मग?" म्हणलं, मोडला. भूषणराव, थोरल्या भावाला मी जन्मात पहिल्यांदा उलटं बोललो. 

आबा हसला आन म्हणाला, "तास कुणी काढलं?" म्हणलं, हिनं. तर म्हणाला, "बाईनं काढलेलं तास धरत न्हाईत. आन यंत्र बी मधीच मेलंय." असं म्हणून त्यानं बैलं आत घातली. हात असता तर बैलं धरली असती.

मग आई पुढं झाली. बैलांच्या म्होरं जाऊन उभी राहिली. म्हणाली, "ज्ञानदेव, तुझा बा गेला त्या साली हितं तुझा चुलत आजा असाच बैलं घेऊन रान घ्यायला आलता. समाधान झोळीत होता, तू बांधावर बसून रडत होतास. पाडव्याचं तास मी काढलं. बैल नव्हता, एका बाजूला शेजारीण आन एका बाजूला मी, कुळव ओढला. त्या तासावर हे रान राहिलं, हे बी आन तुझं बी. बाईचं तास धरायचं नसंल तर धरू नको. मग तुझं रान बी तुझं न्हाय. सोड ते आन जा."

आमाला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आईनं कधी सांगितलं न्हाय. मी तिला नंतर विचारलं तर म्हणाली, "सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

चुलत्यांनी आधी पाय काढला. मग आबानं बैलं वळवली. जाताना विहिरीच्या पेटीला कुलूप घालून गेला, आमची पाळी असताना. पाण्याचं आता काय होतंय ते दिसंलच. भांडण लांबणार, एवढं कळतंय. पण वरीस आमचं हाय. चुलत्यांनी गावात सांगितलं तसं.

आबा गेला तरी ही ओळीतच उभी होती. यंत्र बंद होतं आन ही दोन्ही हातानं त्याचे दांडे धरून. मी म्हणलं, सोड आता, गेला तो. तर म्हणाली, "सोडवत न्हाय हो." मला वाटलं रागानं बोलती. जवळ जाऊन बघतो तर बोटं खरंच सुटत नव्हती, वळून गेलती, पांढरी पडलेली. मी एका हातानं किती सोडवणार. मग आई आली आन तिनं एकेक बोट सोडवलं. तेव्हा ही रडायला लागली. आईच्या गळ्यात पडून लई रडली, भूषणराव. आई म्हणत होती, रड, रड, रान आपलंच हाय.

तुमचा,
समाधान